कोकराचं माप

शाहूपुरीतल्या बायका ब्लाऊज शिवायला शिवलीलाशिवाय दुसऱ्या कुणाकडं फिरकत नसत. तिनं घेतलेलं माप कधी चुकलं नव्हतं, आणि चुकलं म्हणणाऱ्याची ती खैर ठेवत नसे.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात तिनं लेकीला लोकरीचं कोकरू करून द्यायचं मनावर घेतलं. जूनमध्ये शांभवी पहिल्यांदा शाळेत जाणार होती. कोकरू मिळालं तर रडायचं नाही, अशी बोली झाली होती. शिवलीलानं मुरगूडच्या बाजारातून धनगराची लोकर आणली आणि चार पाय पसरलेल्या कोकराच्या आकाराचं कापड मुद्दाम मोठं विणलं. कढत पाण्यात साबण लावून चोळलं की लोकर आटते, टाके एकमेकांत मुरतात. मग कात्री लावली तरी कापड उसवत नाही.

शेवटी लोकर जराशी कमी पडली. शिवलीलानं ट्रंकेतली पुरचुंडी सोडली, त्यात जपलेलं शांभवीचं जावळ घेतलं आणि धाग्यात पिळून विणून टाकलं.

सासूनं, बसव्वानं, कपाळावर हात मारला. "अगं बाई! जावळ वाडीला नदीत सोडायचं असतंय. तीन वर्सं झाली सांगालोय की."

"केसच हायत की अव्वा. वाया कशाला घालवायचे?"

बंबातलं पाणी परातीत ओतून तिनं हात लाल होईस्तोवर कापड चोळलं. पहिल्याच धुण्यात ते इंचभर आटलं. शिवलीला खूश झाली. संध्याकाळी तिनं शाळेचा नवा फ्रॉक पोरीला घालून बघितला, तर तो गुडघ्याच्या खाली आला. आपलं माप चुकलं? तिला स्वतःचाच असा राग आला की जेवणही गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरं धुणं झालं. कापड आणखी दीड इंच आटलं. दुपारी शांभवीच्या हातातल्या बांगड्या आपोआप गळून फरशीवर पडल्या.

शिवलीलानं तिला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं. पाडव्याला तिच्या उंचीची पेन्सिलनं खूण केली होती. खूण आता पोरीच्या डोक्यावर अडीच इंच होती. तिनं तीनदा टेप लावला.

"आई, दार मोठं झालंय," शांभवी म्हणाली.

शिवलीलानं टेप तिथंच टाकला. ती अंगणात धावली. कापडातलं जावळ तरी काढावं म्हणून तिनं नखांनी टाका शोधला. टाका कुठं सापडतोय! सगळं एकजीव झालं होतं.

"नदीत सोडून ये जा," बसव्वा म्हणाली.

"पाण्यानंच आटलंय ते, अव्वा! आणि परत पाण्यात घालू?"

दोरीवरचं कापड सुकता सुकता अजून आखडत होतं. रडत बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. तिनं कापड बेतायची फळी अंगणात टाकली, खडूनं मूळ माप आखलं, कापड ओलं केलं.

"शांभवी, चौकटीपाशीच उभी ऱ्हा. हलू नगंस!"

तिनं पुढचे दोन पाय ओढून खिळे ठोकले.

आतून आवाज आला, "आई गं!"

शिवलीलाचा जीव कळवळला. "सोस जरा, माझी बाय. होतंय आता."

तिनं मागचा एक पाय ओढला.

चौथा खिळा बसला.

कापड खडूच्या रेषेला बरोब्बर भिडलं.

ती धापा टाकत आत गेली. शांभवीचं डोकं पेन्सिलीच्या खुणेला लागलं होतं. बसव्वा पदर तोंडाला लावून हुंदके देत होती.

"आली माझी पोर! चल, जेवायला चल."

शांभवी हलली नाही. तिचे दोन्ही हात बाजूंना पसरलेले होते, पायही.

"आई, हात खाली येईनात."

शिवलीलानं मागं वळून पाहिलं. अंगणात सुकणाऱ्या कापडाच्या ओढीनं चौथा खिळा हळूहळू आतल्या बाजूला कलत चालला होता.

तिनं पदर खोचला आणि हातोडी उचलली.