बेडकाचं काळीज

“जीवशास्त्र? आन् मराठीत?” चंद्रभान दुकानदार असा हसला, जसं काही गोदावरीनं त्याची गादीच मागितली होती. “पोरी, आत्ता कुठं उर्दू गेली. मराठी बुकं पुण्याहून यायची हायत. आली की सांगतो.”

“कवा येतील?”

“आली की!”

सेलूत कापसाचा हंगाम ऐन भरात होता. सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यातून उडालेले तंतू बाजारभर तरंगत होते… दुकानांच्या फळ्यांवर, बैलांच्या शिंगांवर, माणसांच्या पापण्यांवर अलगद उतरत होते. गोदावरी हिरमुसून मागं वळली, आणि पायरीवर उभ्या असलेल्या तरुणावर जवळजवळ आदळलीच.

“माफ करा,” तो म्हणाला, “ऐकू आलं म्हणून सांगतो… जीवशास्त्राचं बुक माझ्याजवळ हाय. पण उर्दूत हाय.”

“मग मला काय त्याचा उपयोग? मला उर्दू नीट वाचता येत न्हाई.”

“मला येती की.”

तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. उंच, सावळा, कानामागं पेन्सिल. एका भुवईवर कापसाचा पुंजका बसला होता आणि स्वारीला त्याचा पत्ताच नव्हता. गोदावरीला हसू आवरेना. ती का हसतेय ते न कळता तोही हसला. सगळी चूक तिथूनच सुरू झाली, असं ती पुढं स्वतःला सांगायची. पण ते काही खरं नाही. हसण्यात कुणाची चूक नसते.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. रझाकारांच्या धामधुमीत गोदावरीच्या अण्णांनी, दिनकररावांनी, गाव सोडलं, शेती वाटेकऱ्याकडं दिली आणि मुलगी व विधवा बहीण यांना घेऊन ते सेलूला येऊन राहिले. त्या पळापळीत गोदावरीची शाळा मोडली ती मोडलीच. त्यामुळं एकोणिसाव्या वर्षी ती मॅट्रिकला बसत होती, आणि नातेवाइकांना चघळायला विषय मिळाला होता. तिला व्हायचं होतं डॉक्टर. घर सोडून आलेल्या लोकांच्या छावणीत एकदा एक डॉक्टरीणबाई आली होती. तिला बघून गावचा पाटील खुर्चीवरून उठून उभा राहिला, हे गोदावरीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून पोरीच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही.

दिनकरराव वाईट नव्हते, पण शब्दाचे हट्टी होते. “एकदा बस,” त्यांनी सांगून टाकलं होतं. “पास झालीस तर औरंगाबादला धाडतो, लोक काय बोलायचं ते बोलू दे. न्हाई झालीस तर देवगाव फाट्याकडचं स्थळ हाय. दुसऱ्यांदा बसायचं नाव काढायचं न्हाई.”

बाकीच्या विषयांची तिला भीती नव्हती. जीवशास्त्राला मात्र शाळेत ना मास्तर होता, ना पुस्तक.

तो तरुण म्हणजे सुग्रीव. झरीच्या शेतकऱ्याचा मुलगा, जातीपातीनं गोदावरीच्या घरचाच. बापानं हौसेनं हैद्राबादला सायन्स शिकायला धाडलं, आणि शिक्षण अर्ध्यावर आलं असताना पोलीस ॲक्शन झाली. तो गावी परतला तो परतलाच. आता जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या गाड्यांचं वजन लिहून घ्यायचा. हैद्राबादची राहिलेली एकच गोष्ट त्याच्या ट्रंकेत होती… ते उर्दू पुस्तक.

दर रविवारी तो त्यातला एकेक धडा मराठीत उतरवून आणू लागला. ओसरीवर एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती, आणि मधोमध तुरीची डाळ निवडत धुरपदाबाई आत्या. आत्याचं बोट डाळीत आणि डोळा सुग्रीववर असायचा.

“हे क़ल्ब म्हणजे काय?” गोदावरी उर्दू पानावर वाकून विचारायची.

“काळीज.”

“दिल न्हाई का?”

“दिल शायरीत,” तो मान खाली घालून म्हणायचा. “बुकात क़ल्ब.”

“आन् तुमच्यात?”

“गोदाबाई…” तो आत्याकडं बघत घाईनं म्हणायचा, “पुढचा धडा घ्यायचा का?”

त्याचे कान लाल व्हायचे. ते बघायला गोदावरी मुद्दामच असलं काहीतरी विचारायची.

नोट्स सुबक होत्या, पण त्यातली चित्रं… चित्रं म्हणजे नुसता देखावा! जास्वंदीच्या फुलाचा छेद, गांडूळ, आणि पोट उघडून उताणा पडलेला बेडूक, त्याचं काळीज, जठर, आतडी, सगळं रेघ न हलता काढलेलं.

“एवढं सुरेख कसं काय काढता?”

“त्यात काय? जिनिंगच्या खिडकीला काच हाय. बुकाचं पान तिच्यावर उलटं धरायचं, वर कोरा कागद ठेवायचा, आन् उजेडात गिरवायचं.”

“उलटं कामून?”

“उर्दू उजवीकडून चालती ना,” तो समजावू लागला. “अक्षरं उजवीकडून, बुक उजवीकडून उघडतं, मग चित्रबी त्याच अंगानं काढलेलं असणार. मी ते फिरवून मराठी करून देतो.”

गोदावरी बघतच राहिली. किती खोलवर विचार करतो हा माणूस! तिला वाटलं, सगळ्या मराठवाड्यात एवढं डोकं कुणाचंच नसेल.

पाठ करायची तिची रीत मात्र तिची स्वतःची होती. सकाळी जात्यावर बसली की ती नोट्सच्या ओव्या करून गायची.

“बेडकाच्या काळजाला गं, तीन कप्प्यांची मांडणी,
उजवा उजव्या हाता, डावा डावीकडं गं साजणी…”

“अगं, देवाचं नाव घ्यायचं सोडून बेडकाची आतडी काय गायलीस!” आत्या कपाळावर हात मारून घ्यायची. “पीठ खाणारानं काय करावं?”

एके दिवशी ओवी संपली आणि दाराशी कुणीतरी खाकरलं. सुग्रीव उभा होता, हातात सुतळीनं बांधलेला नवा धडा. तो किती वेळ ऐकत होता कोण जाणे.

“चाल लय गोड हाय,” तो म्हणाला.

“आन् शब्द?”

“शब्द तर माझेच हायत…” तो म्हणाला, आणि मग स्वतःच गोंधळला. आत्या आत गेली होती. त्यानं चटकन हात पुढं करून तिच्या केसांत अडकलेला कापसाचा तंतू काढला. बोट केसांना लागलं न लागलं… पण दिवसभर गोदावरीला तिथं काहीतरी असल्यासारखं वाटत राहिलं. तंतू त्यानं फेकला नाही, खिशात ठेवला. तिनं पाहिलं ते.

त्या दिवसापासून ती रोज जात्यावर आणखी एक उत्तर घोळवू लागली. अण्णा विचारतील, “सुग्रीवनं तुला मागितलंय, काय सांगू?” मग आपण काय म्हणायचं? ‘तुमी म्हणाल तसं’ म्हणायचं, की सरळ ‘हो’? पण आधी पास व्हायचं, औरंगाबादला जायचं, डॉक्टर व्हायचं. तेवढं तो थांबेल. कापसाचा एक तंतू सांभाळणारा माणूस थांबणार नाही तर कोण थांबणार?

चैत्र लागला. परीक्षा परभणीला होती. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सुग्रीव आला. जिनिंगच्या कामानं तो परभणीला जाऊन आला होता. चेहरा उतरलेला, सदरा घामानं भिजलेला.

ओसरीवर नवी कोरी पत्र्याची पेटी होती. हिरव्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत गोदावरीचं पूर्ण नाव.

“बघ रं सुग्रीवा,” आत्या कौतुकानं म्हणाली, “निकाल लागायच्या आधीच बापानं पेटी आणली. वरून कडक दिसतंय, पण आतून पोरीनं जावं असंच हाय त्याला.”

सुग्रीव पेटीकडं बघत राहिला. बोटानं त्यानं ती अक्षरं चाचपली.

“काय झालं?” गोदावरीनं विचारलं. “काही सांगायला आलाव का?”

“न्हाई… तसं काही…”

“सगळं बरोबर हाय ना हो? मी तुमच्या कागदांवरच चाललेय. काही सुधारायचं असलं तर आत्ताच सांगा.”

त्यानं पुन्हा पेटीकडं पाहिलं.

“बरोबर हाय,” तो म्हणाला.

पेपर सोपे गेले. शेवटी प्रात्यक्षिक आलं. टेबलावर मेणाचं ताट, ताटात टाचण्यांनी ठोकलेला उताणा बेडूक, पोट उघडलेलं. टाचणीला कागदाचा कपटा लावून त्यावर अवयवाचं नाव लिहायचं, ती टाचणी त्या अवयवात खोचायची आणि शेजारच्या कागदावर चित्र काढायचं.

गोदावरीनं ताटात पाहिलं आणि ती दचकली. जठर उजव्या हाताला होतं. सुग्रीवच्या चित्रात ते डाव्या हाताला होतं! काळजाचे कप्पेही… वरच्या दोन कप्प्यांतला थोरला, म्हणजे उजवा, डाव्या हाताला दिसत होता, ओवीत तो उजव्या हाताला होता.

तिनं डोळे मिटले. जात्याची घरघर ऐकू आली. खिडकीच्या काचेवर वाकलेला तो, कानामागची ती पेन्सिल… त्यानं एवढ्या कष्टानं गिरवलेलं चुकेल कसं? हा बेडूकच असा निघाला असेल. तिनं ओवीबरहुकूम कपटे लिहिले, जठराला यकृत केलं, डाव्याला उजवं केलं आणि चित्रही तसंच काढलं.

परीक्षक म्हातारे होते, मायाळू होते. चष्मा वर करून त्यांनी कागद पाहिला.

“बाई, हे ताटातलं काढलंत का आरशातलं?” त्यांनी विचारलं. “बेडूक उताणा आहे. त्याचा उजवा हात तुमच्या डावीकडे येणार, हो ना? पुन्हा एकदा बघा. वेळ आहे.”

तिनं पुन्हा पाहिलं. सगळं लख्ख दिसत होतं.

“न्हाई साहेब,” ती म्हणाली. “मी काढलंय तेच बरोबर हाय.”

ज्येष्ठात निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत उत्तम गुण, जीवशास्त्रात नापास. एका विषयात गेलं म्हणजे सगळंच गेलं. दिनकरराव रागावले नाहीत, ओरडले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेटी उचलून आतल्या खोलीत नेली आणि आत्यानं तिच्यात गोधड्या भरून टाकल्या.

तिसऱ्या प्रहरी गोदावरी विहिरीवर पाणी शेंदत होती. सुग्रीव तिथं आला. जिनिंग बंद झालं होतं, हवेत कापूस नव्हता, नुसती धूळ होती.

“मला माहीत होतं, गोदा.”

पहिल्यांदाच त्यानं तिला नुसतं गोदा म्हटलं.

“काय माहीत होतं?”

“चित्र उलटं हाय ते. परभणीला बुकाच्या दुकानात इंग्रजी बुक बघितलं. त्यात बेडूक माझ्या उर्दू बुकासारखाच काढलाय. भाषा फिरली म्हणून बेडूक फिरत न्हाई… ते मला तवा कळलं.”

“तवा म्हणजे कवा?”

“तुझ्या परीक्षेच्या आधी. सांगायलाच आलतो त्या दिवशी.”

दोर तिच्या हातातून सुटला. घागर खाली जाऊन आदळली.

“मी विचारलं होतं तुमाला. तोंडावर विचारलं होतं.”

“पेटी दिसली,” तो म्हणाला. “तिच्यावर तुझं नाव दिसलं… आन् मला वाटलं, ही गेली. डॉक्टरीण झाल्यावर काट्यावरच्या कारकुनाकडं कोण बघतंय? म्हटलं, एक चित्र तर हाय. परीक्षेत आलं तर आलं, न्हाई तर न्हाई. आलंच… तर तू हितंच ऱ्हाशील.” त्याचे डोळे भरून आले होते. “लय जीव हाय माझा तुझ्यावर, गोदा. त्याच्यापायी झालं हे. मी आजच अण्णांशी बोलतो.”

हेच वाक्य ऐकायला ती हंगामभर कान टवकारून बसली होती. ते अखेर आलं, आणि असं आलं.

“कोण बघतंय, असं मी कवा म्हणले होते?” तिनं विचारलं.

तो पायानं धूळ उकरत राहिला.

“बेडूक माझ्या डोळ्यांसमोर होता. साहेबांनी पुन्हा बघ म्हणून सांगितलं. मी बेडकाला खोटं पाडलं, तुमाला न्हाई पाडलं. आन् तुमी… तुमी थांबायचं सोडून मलाच थांबवून टाकलं.”

“गोदा, ऐक तर…”

ती रिकाम्या हातानं घरी आली. विहिरीत गेलेली घागर आत्यानं नंतर गळ टाकून काढली.

तरीही सुग्रीव संध्याकाळी आला आणि दिनकररावांशी बोलून गेला. दिनकररावांनी तिला समोर बसवलं. आत्या दाराआडून हसत होती, दोघांचं एकमेकांवर मन आहे हे तिला आधीच ठाऊक होतं.

“सुग्रीवनं तुला मागितलंय,” अण्णा म्हणाले. किती वेळा जात्यावर ऐकलेलं वाक्य! “पोरगा चांगला हाय. तुझ्यापायी लय झटला. देवगावला मी अजून सुपारी दिली न्हाई. तू म्हणशील तसं करू. काय सांगू?”

गोदावरीचं त्याच्यावर प्रेम होतं. त्या घटकेलाही होतं, हे खोटं कशाला सांगायचं? ‘हो’ अगदी ओठांवर आला होता. मग तिला दिसलं, रोज सकाळी हा माणूस समोर बसून चहा पिईल, आपल्याकडं मायेनं बघेल, आणि आपण रोज त्याला मनातल्या मनात तेच विचारत राहू.

“देवगावचं ठरवा,” ती म्हणाली.

आत्याचं हसू मावळलं. दिनकरराव चकित होऊन बघत राहिले. “कामून गं? त्या पोराला तर तू बघितलंबी न्हाईस.”

“न्हाई बघितलं,” गोदावरी म्हणाली. “पण त्यानं अजून माझं काही नेलं न्हाई, अण्णा.”

लग्नात पंगतीला वाढायला सुग्रीव होता. तिच्या पानातही त्यानंच वाढलं. तिनं मान वर केली नाही.

देवगावच्या घरात पहिल्याच सकाळी सासूनं तिला जात्यावर बसवलं. खुंटा हातात आला आणि चाल आपोआप ओठांवर आली, तिला ती थांबवता येईना. मग तिनं शब्द तेवढे सुधारून घेतले.

“उजवा डाव्या हाता गं, डावा उजव्या अंगाला…”

आता सगळं बरोबर होतं. साजणी तेवढी त्यात कुठं बसत नव्हती, म्हणून ती तिनं सोडून दिली, आणि दळण संपेपर्यंत पदरानं डोळे पुसत राहिली. सासूला वाटलं, सून माहेर आठवून रडतेय.