खाली वाढत जाणारा फोटो

"तुझ्यात दम नाही," वर्गातला चष्मिश म्हणाला, आणि मी येड्यासारखा पैज घेऊन बसलो. दादा कामाला आहे त्या फोटो स्टुडिओतल्या कम्प्युटरमध्ये बिघडवलेला फोटो घुसवायचा.

खरं सांगू? पैज नसती तरी घुसवला असता. दादा शिंकला तरी आईला कौतुक. मी पास झालो तर म्हणते, "पेपर बदलले असतील." त्यात आज मालक दादाला नोकरीत कायम करणार होते.

खोडी सोपी. फाईलीत सुरुवातीलाच फोटोची उंची लिहिलेली असते. मी ती दुप्पट लिहिली. स्टुडिओतला फोटो उघडणारा प्रोग्राम भोळा, तपासतच नाही. फोटो संपला तरी वाचत सुटतो आणि मेमरीत शेजारी जे पडलंय ते खाली चिकटवतो. दुसऱ्या गिऱ्हाइकांचे फोटोसुद्धा! मालक दादाला हाकलणार, पक्कं.

सकाळी डबा द्यायला गेलो तेव्हा एका बाळाच्या फोटोत हा फेरफार केला आणि मूळ फाईलीजागी माझी ठेवली. दुपारी मजा बघायला परत.

मागची खोली. खिडकी नाही. तापलेल्या मशीनचा वास, पंख्याची घरघर. दादाने फोटो उघडला. बाळ हसत होतं. त्याच्याखाली करड्या रेघा... मग एक खोली उमटली. हीच. छतावरून काढलेली. मालक, दादा, मी. अंगावर आत्ताचेच कपडे.

"इथे कॅमेरा कुठंय रे...?" मालक हळूच म्हणाले.

वर बघितलं. कोरं छत.

दादाने कम्प्युटर बंद करून परत लावला. "आता मेमरी रिकामी..." बाळ. रेघा. खोली. मालक होते, मी होतो. दादाची खुर्ची रिकामी.

मला हेच हवं होतं ना? मी दादाचा शर्ट घट्ट धरला.

"कोणाचा हा चावटपणा?" मालक दादावर ओरडले. "सांग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

दादा पडद्याकडेच बघत राहिला.

"मी केलं," माझा आवाज फाटला. "त्याला काढू नका. मी जळतो त्याच्यावर, म्हणून..."

दादा वळला. चेहरा पांढराफटक. "गाढवा, तुझी फाईल मी सकाळीच उडवली. घरी गेल्यावर तुला बघणार होतो. हा कॅमेऱ्यातून परत घेतलेला मूळ फोटो आहे..."

पडद्यावर फोटो अजून खाली सरकत होता. आता आमचं स्वयंपाकघर. आई जेवण वाढत होती. माझ्या जागेवर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं, आणि आई त्याच्याकडे बघून हसत होती. माझ्याकडे बघून ती तसं कधीच हसली नाही.