बारावी फाइल

पटलं नाही तर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत घडलंय, आणि ताई तिखटमीठ लावून सांगणाऱ्यांतली नाही.

रविवार. भर दुपार.

ताई एका पॅथॉलॉजी लॅबचा वेब सर्व्हर सांभाळायची. रिपोर्टची एक्सएमएल फाइल तयार झाली की सर्व्हर तिच्यावर डॉक्टरांची डिजिटल सही करतो. सही नाही, तर रिपोर्ट बाहेर नाही.

जुन्या डॉक्टरबाई तीन आठवड्यांपूर्वी वारल्या होत्या. त्यांच्या सहीची किल्ली, म्हणजे जिच्याशिवाय त्यांच्या नावाने सही होऊच शकत नाही ती गुप्त फाइल, ताईनेच सर्व्हरवरून पुसली होती. आता सही नव्या डॉक्टरांची.

त्या दुपारी बारा फाइली अडकल्या.

ताईने शोधलं. वेब सर्व्हरला नवी किल्ली वाचायची परवानगीच उरली नव्हती.

"कोणी काढली ही?" ती पुटपुटली. लॅबमध्ये तर ती आणि डॉक्टर, दोघंच.

तिने परवानगी दिली. अकरा फाइली सटासट निघाल्या.

बारावी...

हलेना.

तिने स्वतःच्या लॉगिनने करून पाहिलं. नाही. फाइल नव्याने बनवली. तरी नाही.

"मॅडम, तुम्ही काही छेडछाड केलीत का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी कशाला करू, सर? कसला रिपोर्ट आहे हा?"

"सहा वर्षांच्या मुलीची गाठ. साधी आहे."

तेवढ्यात सर्व्हरच्या पंख्याची घरघर थांबली...

दिवे मात्र लुकलुकत होते.

"सर, एकदा परत बघता?" ताईचा आवाज तिलाच ओळखू येईना.

डॉक्टर चिडले. पण काचपट्टी घेऊन मायक्रोस्कोपला बसले.

पाच मिनिटं. दहा मिनिटं.

उठले तेव्हा चेहरा पांढराफटक. गाठ साधी नव्हती.

त्यांनी रिपोर्ट बदलला. पंखा पुन्हा घरघरू लागला...

आणि सही झाली.

ताईने सही तपासली. अस्सल. कुठेही खोट नाही.

फक्त नाव...

डॉक्टरबाईंचं.

मुलीचं ऑपरेशन वेळेत झालं, ती वाचली. ताईची मात्र चौकशी लागली. तिने किल्लीची कॉपी लपवून ठेवली, असा सगळ्यांचा संशय. लॅपटॉप नेला, घरचा कॉम्प्युटर नेला. काही सापडलं नाही. तरी नोकरी गेलीच.

खोटं कशाला बोलू? संशय मलाही आला होता. एकदा विचारलंच, "ताई, माझ्यापुरतं खरं सांग. कॉपी होती ना?"



"असती तर फार बरं झालं असतं रे..."