निजलेला पाना

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेच्या दुपारी, आमच्या तमिळनाडूतल्या संकगिरीत एकही पाना हलत नाही. सकाळी गाड्या धुऊन झालेल्या असतात, त्यांना केळीचे खुंट बांधलेले असतात, दृष्ट काढून फोडलेल्या कोहळ्यांनी रस्ता निसरडा झालेला असतो. मग सगळी हत्यारं देवापुढे मांडायची, चंदन-कुंकू लावायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना निजू द्यायचं. आमचे हे या बाबतीत फार कडक. यांची निम्मीअधिक हत्यारं सेलमच्या जुन्या बाजारातली, कुणाकुणा मेलेल्या मिस्त्रींची. "आज पाना उचलला, तर त्याचा जुना मालकही उठतो," असं हे दरवर्षी सांगतात. मी दरवर्षी हसते.

त्या वर्षी पूजा आटोपून हे ईरोडला बहिणीकडे गेले. मी गॅरेजच्या पुढच्या खोलीत, आमच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसून चुरमुरे-गुळाच्या पुड्या बांधत होते. ऊन असं तापलेलं, की समोरचा डांबरी रस्ता पाण्यासारखा हलत होता. तेवढ्यात एक ट्रक फाटकाशी येऊन थांबला. केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, बोनेटवर चंदनाचे पट्टे. आणि आतून चिवचिवाट! कालच अंड्यातून निघालेली कोंबडीची पिल्लं, जाळीच्या खोक्यांतून थरावर थर रचलेली.

ड्रायव्हर उडी मारूनच उतरला. तो रासप्पन, नामक्कलच्या हॅचरीचा माल पालक्काडला नेणारा. ती हॅचरी आमचं जुनं गिऱ्हाईक. मी त्याला तंबी, धाकटा भाऊ, म्हणते.

"अक्का, मिस्त्री अण्णा कुठायत? ऑईलचा काटा शून्यावर गेला, लाल दिवा लागला. मी लगेच इंजिन बंद केलं आणि उतारावरून नुसती घरंगळत आणली."

"शहाणा आहेस. पण हे नाहीत, तंबी. आणि आज कोण हत्याराला हात लावणार?"

त्याचा चेहराच उतरला. इंजिन बंद म्हणजे पिल्लांना वारा घालणारे पंखे बंद. एवढ्या उन्हात ती अर्धा-पाऊण तास तग धरतील, फार तर. आणि ऑईल खरंच चढत नसेल, तर तशीच दामटल्यावर इंजिन जाम होणार.

"मागच्या महिन्यातच माझ्या हवाली केलीय ही गाडी," तो हळूच म्हणाला. "पिल्लं मेली तरी नोकरी गेली, इंजिन बसलं तरी गेली."

वीस वर्षं दुकानात बसून मी यांचं काम पाहत आले आहे. मी डिपस्टिक ओढून पाहिली. ऑईल भरपूर, रंगही बरा.

"इंजिन खडखडलं का रे?"

"नाही अक्का. मांजर गुरगुरतं तसं चाललं होतं."

"मग काटा खोटं बोलत असणार. सकाळी गाडी कशी धुतलीस?"

"जोराच्या पाण्यानं. खालून, वरून, इंजिनसुद्धा! मग प्रत्येक भागाला गंध लावलं," तो अभिमानानं म्हणाला.

मी बाजूच्या चाकामागून आत सरकले. ऑईल फिल्टरच्या वर दाब मोजणारा सेन्सर होता. त्याच्या डोक्यावर चंदनाचा हा एवढा गोळा, वर कुंकू. वायरची टोपी काढली तर आतून पाणी टपटपलं.

"तंबी, सेन्सरला आंघोळ घातलीस, गंध लावलंस. नैवेद्य तेवढा राहिला बघ."

"हसताय काय अक्का!" म्हणता म्हणता तोही हसला.

टोपी पुसून, वाळवून पुन्हा लावली. दोन क्षण इंजिन फिरवून पाहिलं. काटा शून्यावरच. आता एकच वाट होती. सेन्सर काढायचा, त्या जागी ऑईलचा दाब दाखवणारं सुटं घड्याळ लावायचं आणि इंजिन चालू करून ऑईल चढतंय का ते डोळ्यांनी बघायचं. घड्याळ आणि पाना दोन्ही देवापुढे निजलेले.

मी देवाच्या खोलीत गेले. कापराचा वास अजून होता. हात जोडले. "जिवंत जीव आहेत बाहेर," एवढंच म्हटलं, आणि पाना उचलला. दुपार असूनही लोखंड थंडगार होतं, विहिरीतून काढल्यासारखं.

हाताला फडकं गुंडाळून तापलेला सेन्सर सोडवला, घड्याळ बसवलं. "फिरव चावी! मी ओरडले तर लगेच बंद."

इंजिन घरघरलं. काटा जागचा हलेना... आणि मग झोपेतून उठावा तसा वर चढला, चांगला भरघोस.

"ऑईल आहे रे!" मी खालूनच ओरडले. रासप्पननं हॉर्न वाजवून घेतला.

इंजिन बंद करून घड्याळ काढलं. दुकानातला नवा सेन्सर आणि तांब्याचं वॉशर घेतलं. रासप्पन खोक्यांवर गारव्यासाठी टाकलेल्या पोत्यांवर मारायला पाणी आणायला धावला. सेन्सर बसवताना हात आत जातो, पण नजर जात नाही. सगळं बोटांच्या अंदाजानं. आटे नीट लागले. मी पान्यानं आवळू लागले.

आणि अचानक कान भरून येतात तसं झालं. थोड्या वेळानं कळलं, चिवचिवाट थांबला होता. सगळा, एकदम. हजारो पिल्लं, आणि एकही आवाज नाही. कुठूनतरी विडीचा वास आला, बारीक, जुनाट.

माझ्या मनगटावर कुणीतरी दोन बोटं ठेवली. खरखरीत, गार.

"पुरे... आटे जातील."

"बरं," मी म्हटलं. मला वाटलं रासप्पन. पाना थांबवला. खरंच, आणखी पाव फेरा दिला असता तर आटे गेलेच असते.

"अक्काऽऽ!" रासप्पनची हाक आली. लांबून, मागच्या विहिरीवरून. "अजून दोन बादल्या आणू काऽऽ?"

मी हळूच मान वळवली. चाकाशेजारी कुणी नव्हतं. फक्त ऊन. मग एक पिल्लू चिवचिवलं, दुसरं, आणि पुन्हा सगळा बाजार भरला.

मी रासप्पनला काही बोलले नाही. गाडी चालवायची होती त्याला. वायरची टोपी लावली, इंजिन सुरू झालं, काटा वर गेला, दिवा विझला, पंखे फिरू लागले. पोरगं माझ्या पायाच पडलं. मी चुरमुऱ्यांची पुडी त्याच्या हातात कोंबली आणि पिटाळलं. पाना धुतला, पुन्हा चंदन लावलं, जागेवर ठेवला. मनात गाणं होतं.

दिवेलागणीला हे परत आले, अंघोळीला गेले. मी भात टाकत होते. फोन वाजला.

"अक्का, पोचलो! सगळी पिल्लं ठणठणीत. फार्मचा मालक म्हणतो, उन्हातून आलेली वाटतच नाहीत. काटा तर डुलतसुद्धा नाही!"

"देवाची कृपा रे, तंबी."

"देवाची आणि तुमच्या सासऱ्यांची. काय माणूस आहे! सगळा रस्ता डोळे मिटून इंजिन ऐकत बसले. एकदाच बोलले, 'जरा सावकाश घे.'"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. "कोण... कोण बसलं होतं?"

"तुम्हीच पाठवलं ना सोबत? फाटकाशी चढले. पांढऱ्या मिशा, कानात बाळी. आणि अक्का, गंमत म्हणजे पिल्लांचे पंखे मी अर्ध्या वाटेतच बंद केले. गरजच नाही! एवढा गारवा, की काच बाहेरून पुसावी लागत होती."

माझं लग्न झालं तेव्हाच मला सासरे नव्हते.

"तंबी... ते उतरले ना तिथं?"

"नाही हो, गाडीतच आहेत. जेवा म्हटलं तर मान हलवतात. म्हणतात, 'तिनं उठवलंय, आता निजवायलाही तीच लागेल.' काळजी करू नका, परत येताना घरापर्यंत सोडतो. उशीर होईल, पण जेवायला येतोच आम्ही. दार तेवढं उघडं ठेवा."

फोन बंद झाला. न्हाणीतून यांनी विचारलं, "कुणाचा गं?"

"रासप्पनचा. जेवायला येतोय," मी म्हटलं, आणि भांड्यात आणखी दोन माणसांचे तांदूळ घातले.