रुजायला चौदा दिवस

हॉस्पिटलची लिफ्ट बंद होती म्हणून ती जिन्याने निघाली, तर पुढे एक आजोबा. कानटोपी, मास्क, एक हात कठड्यावर, दुसरा कमरेवर आणि दर दोन पायऱ्यांनी "आई गं!"

"आजोबा, हात देऊ का? सावकाश चढा, घाई नाही."

आजोबा वळले. मास्कच्या वर दोन हसरे डोळे... वय फार तर तीस.

"द्या की," तो म्हणाला. "आजोबा म्हणालात, त्याची भरपाई म्हणून तरी द्या."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हात तिने दिला.

"चौथा मजला ना? पाच दिवस इंजेक्शनं चालू असतील."

"कसं ओळखलंत?"

"या वयात असं चालणारे दोनच. एक पोती उचलणारे, दुसरे आमचे डोनर."

त्या इंजेक्शनांनी हाडांच्या आत लपलेल्या मूळपेशी रक्तात उतरतात. उतरताना हाडं अशी ठणकतात की तरण्याताठ्या माणसाचा म्हातारा होतो. या पेशी रक्तातून वेगळ्या काढायच्या यंत्रावर ती काम करायची. विभागात तिला सगळे मोजणीबाई म्हणत, कारण तिला काहीही विचारलं तरी उत्तरात एक आकडा असायचाच.

पेशी हव्या होत्या त्याच्या ताईला. ती त्याच मजल्याच्या टोकाला, काचेच्या खोलीत होती. तिचा आजारी अस्थिमगज औषधांनी गेल्या आठवड्यात पुरता रिकामा करून टाकला होता. म्हणजे आता माघार नव्हती. भावाच्या पेशी तिच्या हाडांत जाऊन रुजल्या, तर तिचं रक्त पुन्हा तयार होणार. नाही रुजल्या तर... तो विषय त्या घरात कोणी काढत नव्हतं.

मोजणीबाईने त्याला खुर्चीत बसवलं, दोन्ही हातांत सुया घातल्या. एका हातातून रक्त निघायचं, यंत्रात फिरायचं, मूळपेशी पिशवीत जमायच्या आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत.

"पाच तास. दोन्ही कोपरं वाकवायची नाहीत. ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं, कॅल्शियम देते."

"नाकाला खाज आली तर?"

"तेही सांगायचं."

"आली."

"इतक्यात?"

"तुम्ही वाकवू नका म्हणालात, त्याच क्षणी आली."

तिने गॉझचा तुकडा घेऊन अगदी शास्त्रशुद्धपणे त्याचं नाक खाजवलं. तो इतका गंभीर चेहरा करून बसला की तिलाच हसू आवरेना.

"एक सांगू?" तासाभराने तो म्हणाला. "तुमचा चष्मा डावीकडे दोन मिलीमीटर खाली आहे."

"माहितीये. कान वाकडा आहे माझा."

"कान छान आहे. काडीचा स्क्रू ढिला आहे. माझं चष्म्याचं दुकान आहे हो! समोर असा चष्मा, आणि हात बांधलेले... पाच तास! याला छळ म्हणतात."

"मग माझ्याकडे बघू नका."

"मग कुठे बघू? यंत्र तुमच्याइतकं बोलत नाही."

ती पटकन पडद्याकडे वळली आणि उगाचच एक वाचन दोनदा लिहिलं.

दुपारी सुया निघाल्या. पट्ट्या लावून झाल्यावर त्याने किल्ल्यांच्या जुडग्यातून बोटभर पेचकस काढला आणि हात पुढे केला. तिने चष्मा दिला. जग धूसर झालं. मग त्याने स्वतःच तो तिच्या डोळ्यांवर चढवला... कानामागे बोटांचा स्पर्श, जेमतेम सेकंदभर... आणि सगळं पुन्हा स्पष्ट झालं. सगळ्यात आधी तो.

"आता सरळ," तो हळूच म्हणाला.

तेव्हाच तिच्या मनात आलं, हा उद्याही यायला हवा.

दोन तासांनी मोजणी आली. ताईच्या वजनाच्या दर किलोला पन्नास लाख पेशी हव्या होत्या. निघाल्या सत्तावीस लाख. पिशवी फ्रीजमध्ये गेली आणि डॉक्टरांनी सांगितलं, उद्या पुन्हा बसवा.

डोनर दुसऱ्या दिवशी यायचा तो पेशी कमी पडल्या तरच. हे या मजल्यावर तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि तरीही तिने ते मनात आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो आणखी एक इंजेक्शन आणि दुप्पट कण्हणं घेऊन आला. येताना ताईला भेटला होता.

"ताई म्हणते, आजारात माझं अकरा किलो वजन उतरलं म्हणून तुझी अब्रू वाचली. नाहीतर आठवडाभर बसवला असता तुला."

ती हसली नाही. सुया घातल्या, नळ्या तपासल्या, खुर्ची मुद्दाम दूर ओढली.

"मोजणीबाई, चुकलं का माझं काही?"

"नाही."

"चष्मा टोचतोय?"

"नाही हो!"

"मग काल पाच तास बोलणारी बाई आज नळीसारखी गप्प का?"

यंत्र घरघरत राहिलं. तिने गॉझची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"काल आकडा यायच्या आधी..." ती म्हणाली. "माझ्या मनात आलं होतं, की तुम्ही आजही यावं. म्हणजे पेशी कमी पडाव्यात असंच झालं ना ते? तुमची ताई तिथे काचेत बसलीये, आणि मी..."

ती खाली बघत राहिली.

"तुम्ही विज्ञान शिकलात ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मग माझ्या पेशी तुमच्या इच्छेने चालतात, असं कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याच नाही."

"मग झालं तर. आणि ऐका... जाताना मलाही तेच वाटलं होतं. ती तर माझी सख्खी बहीण आहे. घरी जाऊन स्वतःला कितीतरी शिव्या घातल्या." त्याने तिच्याकडे पाहिलं. "आज काय आहे मनात?"

"आज भरपूर याव्यात," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आणि तुम्ही पुन्हा कधीही या खुर्चीत बसू नये."

"वा! कुणी मला जा म्हणताना इतकं गोड वाटलं नव्हतं."

त्या दिवशी एकतीस लाख आल्या. संध्याकाळी दोन्ही पिशव्या ताईच्या शिरेत थेंबथेंब उतरल्या, आणि मग सुरू झालं नुसतं वाट बघणं.

पेशी आपापली हाडं शोधतात, पण रुजायला दिवस घेतात. तो रोज चार वाजता ताईला भेटायला यायचा आणि जाता जाता तिच्या दारात थांबायचा.

"आज?"

"शून्य," ती सांगायची. पांढऱ्या पेशींचा रिपोर्ट तिने त्याच्याआधी तीनदा पाहिलेला असायचा.

नवव्या दिवशीही शून्यच. त्या दिवशी तो दाराला टेकून उभा राहिला. तीही शेजारी जाऊन टेकली. अकराव्या दिवशी चाळीस. बाराव्या दिवशी एकशेदहा. "पाचशेच्या वर गेल्या की रुजल्या म्हणायचं," ती बजावायची, "आत्ताच नाचू नका."

चौदाव्या दिवशी ती चार वाजायची वाट बघत थांबलीच नाही. कागद हातात घेऊन मजल्याच्या त्या टोकापर्यंत पळत गेली. एरवी तिला पळताना कोणी पाहिलं नव्हतं. तो काचेशी, फोन कानाला लावून आतल्या ताईशी बोलत उभा होता.

"सातशे वीस!"

त्याने डोळे मिटले, कपाळ काचेला टेकवलं. आतून ताईने नेमकं तिथेच तळहात ठेवला. थोड्या वेळाने ती फोनच्या स्पीकरकडे बोट दाखवू लागली, तसं त्याने बटण दाबलं.

"तीच ना गं तू, मोजणीबाई?" ताईचा आवाज चिरका पण टवटवीत होता. "मला एक शंका आहे. आता याच्या पेशी माझं रक्त बनवणार. रक्तगटही याचाच होणार म्हणे."

"हो, काही महिन्यांत."

"मग तरीच! सकाळपासून मलाही तू आवडायला लागलीयेस. मी काय करणार बाई, रक्तच तसलं चढवलंय."

"ताई!" तो कानापर्यंत लाल झाला.

"ओरडतोस काय? चौदा दिवस त्या दारात उभा राहून नुसते आकडे विचारतोयस. एवढ्यात माझ्या हाडांत अख्खं शेत उगवलं! विचार तिला, नाहीतर मी विचारते."

तो तिच्याकडे वळला.

"मला... म्हणजे... तुम्ही..."

"रविवार," ती म्हणाली. "अकरा वाजता. मला सुट्टी असते."

काचेपलीकडे ताई अशक्त हातांनी टाळ्या वाजवत होती. आवाज स्पीकरमधून इकडे येत होता, पण दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.