अकरा ते चौदा ऑगस्ट

हे घडलं, एवढंच मी ठामपणे सांगू शकतो. का आणि कसं, ते मला विचारू नका. माझा स्वतःच्या डोळ्यांवर फारसा भरवसा नाही. म्हणून जे मी एकट्यानं पाहिलं आणि जे आम्ही तिघांनी पाहिलं, ते वेगवेगळं सांगतो.

गेल्या वर्षीचा ऑगस्ट. बारा तारीख. सकाळचे दहा वाजून गेले होते.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं.

मी ग्रंथालयात पुस्तकांच्या सूची करायचो. तिथून घरी आलो की माझा एकच नाद. अंगणात एक पर्जन्यमापक बसवला होता. रोज सकाळी आठ वाजता त्यातलं पाणी मोजायचं आणि आकडा वहीत लिहायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. तीन वर्षांपूर्वी बायको गेली आणि मी मोजणं सोडलं. तोवर सव्वीस वह्या भरल्या होत्या.

गेल्या वर्षी माझी मुलगी सात महिने आजारी होती; तेव्हापासून ती आणि जावई माझ्याकडेच राहतात. फुप्फुसाचं दुखणं. त्यातून बरी झाली, पण डॉक्टरांनी बजावलं, "फिरायला न्या, मोकळी हवा मिळू द्या. पण भिजू देऊ नका. पुन्हा छाती भरली तर मी काही सांगू शकत नाही."

जावयाला रजा मिळत होती ती नेमकी ऑगस्टमध्ये.

"बाबा, काढा तुमच्या वह्या," तो म्हणाला. "वेधशाळेपेक्षा तुम्ही बरे."

मी सलग आठ संध्याकाळी वह्या घेऊन बसलो. आणि सापडलं. भर पावसाळ्यात चार दिवस, अकरा ते चौदा ऑगस्ट. दरवर्षी शून्य, शून्य, शून्य, शून्य. माझ्या वह्यांचा कुणाला तरी उपयोग होणार होता. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेलो.

दोन तासांवर, तळ्याकाठचं एक घर आम्ही चार दिवसांसाठी घेतलं. समोर व्हरांडा, त्यावर पत्रा, आणि पुढे तळ्याचा बांध.

अकराला दुपारी पोचलो. चार वाजता धो-धो सुरू झाला.

मुलगी शाल पांघरून खिडकीशी बसली होती. एकदम हसायला लागली.

"बाबा, अकरा ते चौदा म्हणजे तुमचं ते ग्रंथपालांचं संमेलन ना? दरवर्षी जायचात ते?"

"हो."

"मग त्या दिवसांचे आकडे कोण लिहायचं?"

उत्तरही तिनंच दिलं.

"आई लिहायची. आई आणि पावसात अंगणात जाणार? स्वयंपाकघरात बसून शून्य टाकायची. मला म्हणायची, बाबांना बोलू नकोस, ते नवीन वही आणून सगळं पुन्हा लिहायला बसतील."

जावई हसून हसून खोकायला लागला. "सासूबाईंनी तिथूनही आपली फिरकी घेतली."

मीही हसलो. पण या पावसात मुलीला मीच आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. जावई गाडी घेऊन औषधं आणायला गेला.

"बांधापर्यंत जाऊन येते," मुलगी म्हणाली. "सात महिने छताकडे बघून काढलेत, बाबा."

मी आभाळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "जा."

मी म्हणालो. ते विसरता येत नाही.

ती दिसेनाशी झाली आणि पाच मिनिटांत अंधारून आलं. पत्र्यावर पाऊस इतका कोसळला, की मला माझीच हाक ऐकू येईना. छत्री उचलून धावलो. माझ्या वयात जेवढं धावता येतं तेवढं.

आता हे मी एकट्यानं पाहिलं.

ती बांधावरून येत होती. सावकाश. हातात छत्री नव्हती.

आणि तिचे केस…

कोरडे होते.

तिच्याभोवती पाऊस पडत होता. तिच्यावर पडत नव्हता.

मी जवळ गेलो, तिच्यावर छत्री धरली. छत्रीच्या कापडावर थेंबांचा तडतड आवाज होतो, माहीत आहे ना? तो माझ्या कानाशी होताच. पण पलीकडून, तिच्या डाव्या बाजूनंही येत होता…

दुसऱ्या एका कापडावर.

"बाबा, काही बोलू नका," ती हळूच म्हणाली. "आई आहे."

आम्ही घरात आलो. मी तिची पाठ, पावलं, चपला चाचपून पाहिल्या. कोरड्या. निथळत मीच होतो, मला तिनंच टॉवेल दिला.

इथून पुढचं तिघांनी पाहिलं. जावई परतला तेव्हा व्हरांड्याच्या कोपऱ्यात पाणी साचत होतं. ओली छत्री टेकवून ठेवावी तसं, एका जागी. त्यानं पुसलं. पुन्हा साचलं.

"पत्रा गळतोय," तो म्हणाला आणि वर पाहिलं.

पत्रा तिथे कोरडा होता.

त्या दिवशी त्यानं एकही विनोद केला नाही.

मुलगी भिजली नाही. छाती भरली नाही. महिन्याभरात कामावर रुजू झाली. तेव्हापासून ती छत्री नेत नाही. मुसळधार पावसातून येते आणि कोरडी येते. चेहऱ्यावर तजेला आहे, वजन वाढलंय. डॉक्टर खूश आहेत.

मीही खूश होतो. पावसाला टाळणारी माझी बायको अखेर लेकीसाठी पावसात उतरली, असं मनाशी म्हणायचो. एकदा तर रडलोही.

मग या जूनमध्ये मुलगी सहज बोलून गेली.

"आई आता छान धरते हो छत्री. पूर्वी तिच्या काड्या माझ्या केसांत अडकायच्या, आठवतं? आता कधीच लागत नाहीत. किती उंच धरते."

माझी बायको उंचीनं जेमतेम मुलीच्या खांद्यापर्यंत यायची. छत्री धरली की दोघींचं भांडण ठरलेलं.

मी म्हणालो, "हात वर करून धरत असेल."

"नाही हो. आरामात धरते. उलट तिच्याकडे बघायला मलाच मान वर करावी लागते. अजून चेहरा दिसला नाही. पण हल्ली ती थोडी वाकते माझ्याकडे."

आज सकाळी पुन्हा पाऊस होता. ती कामावर निघाली. मी म्हणालो, आज राहू दे, घरी थांब.

"का? आई आहे ना बरोबर," ती म्हणाली.

तुझी आई इतकी उंच नव्हती, असं सांगावं, तर उद्यापासून ती एकटी भिजेल. डॉक्टरांचे शब्द मला पाठ आहेत. न सांगावं, तर…

मी दार उघडून दिलं. ती पायरी उतरली. कापडावर थेंब वाजायला लागले.

तो आवाज दाराच्या चौकटीच्याही वरून येत होता.