शेजारच्या सीटचा ब्रेक

वस्तादाचं जगाविषयी मत फारसं चांगलं नव्हतं, आणि जगाचंही वस्तादाविषयी तसंच होतं. पण जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये त्याचा हात धरणारा गावात दुसरा कुणी नव्हता. म्हणून लोक त्याची बोलणी खायचे आणि गाड्या त्याच्याकडेच आणायचे. गिऱ्हाइकाने गाडीचं दुखणं सांगायला तोंड उघडलं की तो हात वर करी. "तुम्ही मालक आहात, डॉक्टर नाही. चावी ठेवा." गॅरेजचा कायदा एकच होता. चाचणीला गाडी वस्ताद चालवणार, एकटा. गिऱ्हाइकाला स्टिअरिंगवर बसवणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायचा.

त्या ढगाळ दुपारी एक बाई राखाडी रंगाची जुनी गाडी घेऊन आली. पेशाने परिचारिका. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, हे तिचं काम. नवरा जाऊन चार महिने झाले होते आणि गाडी त्याची होती. वस्तादाने हात वर केला, पण बाई थांबली नाही.

"पन्नासच्या वर गेली की हिसके देते," ती म्हणाली. "आपण पुढे जायला बघतोय आणि कुणीतरी मागे ओढतंय, असं. तीन गॅरेजं फिरले. तिघांनी चालवून पाहिली, तिघंही म्हणाले काहीच नाही."

"गाढवं आहेत तिघंही."

"परवा माझा दीर येतोय गाडी न्यायला. म्हणतो, वहिनी, गाडी ठणठणीत आहे, तुम्हालाच येत नाही. गाडी गेली की माझं काम गेलं, वस्ताद. बसने फिरून दिवसाला नऊ घरं होत नाहीत."

वस्तादाला दिराचं म्हणणं मनोमन पटलं होतं. तरी काम ते काम. त्याने गिअरबॉक्सचं ऑइल पांढऱ्या फडक्यावर टिपून पाहिलं. लाल, स्वच्छ, जळका वास नाही. गिअरबॉक्स ज्या रबरांवर बसतो ती रबरं शाबूत. प्लग, कॉइल नीट. स्कॅनर लावला तर एकही दोष नोंदलेला नाही. मग बाईला बाकावर बसवून तो एकटाच गाडी घेऊन गेला. बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीलगत सरळसोट रस्ता होता, त्यावर त्याने चाळीस, साठ, ऐंशी, सगळं करून पाहिलं. गाडी लोण्यासारखी चालली.

परत येऊन त्याने चावी बाईच्या मांडीवर टाकली.

"खोट गाडीत नाही, पायात आहे. डावा पाय ब्रेकवर टेकवून चालवता तुम्ही. जरा पाय लागला की गिअरबॉक्सला वाटतं थांबायचंय, तो पकड सोडतो. पाय उचलला की परत धरतो. धर-सोड, धर-सोड, तेच तुमचे हिसके. निम्मं गाव असंच चालवतं."

"मी डावा पाय लावत नाही."

"सगळे असंच म्हणतात."

बाई भांडली नाही. वस्तादाला ते जरा खटकलंच, कारण भांडणाऱ्या गिऱ्हाइकाला हाकलणं सोपं असतं. ती शांतपणे म्हणाली, "मग शेजारी बसा आणि बघा. माझा डावा पाय ब्रेकवर दिसला तर मी गाडी दिराला देऊन टाकते. विषयच संपला."

आता हे त्याच्या कायद्यात बसत नव्हतं. पण बाईला तिच्याच तोंडाने कबूल करायला लावायचं, ही संधी सोडवेना. तो स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसला. सीटला दाढीच्या साबणाचा जुना, थंड वास येत होता. पट्टा लावताना तो ओढून ओढून घ्यावा लागला. मेल्याने इथे काय पोतं बांधलं होतं, असं तो पुटपुटला.

बाईने डाव्या पायातली चप्पल काढली आणि पाय मांडीखाली दुमडून घेतला. "दिसतोय ना?"

"दिसतोय. चला."

उजेड उतरत चालला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाई चांगली चालवत होती, हे वस्तादाच्या लक्षात आलं आणि त्याला ते आवडलं नाही. तीस. चाळीस. स्कॅनरच्या पडद्यावर लिहिलं होतं, ब्रेक बंद. इंजिनाचा एकसुरी आवाज, खिडकीच्या फटीतून वाऱ्याची बारीक शीळ. पन्नास.

गाडीला हिसका बसला.

पडद्यावर ब्रेक चालू. मग बंद. मग चालू. प्रत्येक वेळी गाडी अडल्यासारखी होऊन पुढे उसळत होती. वस्तादाने वाकून पाहिलं. बाईचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर स्थिर होता, डावा मांडीखाली. ब्रेकचं पेडल जागच्या जागी होतं, त्याला कुणीही शिवलेलं नव्हतं.

"स्विच गेलाय," तो म्हणाला. "साधा स्विच..."

"तो मी दोनदा बदललाय."

तेवढ्यात त्याला आपलाच पाय दिसला. उजवा पाय खालच्या रबरी मॅटवर घट्ट रोवलेला होता. दुसऱ्याच्या चालवण्यावर भरवसा नसलेली माणसं शेजारी बसून अशीच जमीन दाबतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याला स्वतःचंच हसू आलं. पण मग दिसलं की त्याचा पाय दाबला जातो तेव्हाच पडद्यावर ब्रेक चालू होतो. मॅटखाली काही नव्हतं. नुसता पत्रा.

त्याने पाय उचलायला घेतला. पाय उचलेना.

वरून कुणीतरी दाबत होतं. बुटाच्या तळव्याचं वजन त्याच्या बुटावर होतं, कातडं कातड्यावर घासल्याचा करकर आवाजही आला. पट्टा एका माणसाच्या मानाने फारच ताणला गेला होता. साबणाचा वास आता सीटचा राहिला नव्हता, अगदी गालापाशी होता. सीटवर आपण एकटे बसलेलो नाही, हे वस्तादाला कळलं. आयुष्यात पहिल्यांदा तो मनापासून घाबरला होता.

"बाई... गाडी थांबवा..."

"ब्रेक आता माझ्याकडे आहे का, वस्ताद?" ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "दम धरा. पाय काढते, आपोआप थांबेल."

वेग उतरल्यावर बाईने गाडी वळवली, आणि ती रांगत रांगत गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. वस्तादाचा पाय सुटला.

"खोट तुमच्यात नाही," शेवटी तो म्हणाला. हे वाक्य त्याने याआधी कुठल्याच गिऱ्हाइकाला म्हटलं नव्हतं.

"माहीत होतं मला. दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं." बाईने चप्पल घातली. "बावीस वर्षं त्यांनी मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, ते गेल्यावर शिकले. भाजी चिरायला घेतली तरी म्हणायचे, सरक, तुझ्याने नाही व्हायचं. परक्यांशी मात्र फार गोड. म्हणून तर तुम्हा चौघांनाही काही झालं नाही. रोज जवळ असणाऱ्याचंच काम त्यांना पटत नसे."

"मग... तुम्ही माझ्याकडे का आलात?"

"लोक म्हणाले, तुमच्यापुढे कुणीच शहाणं नाही. म्हटलं, तुमचं आणि त्यांचं जमेल." तिने त्याच्या बाजूच्या दाराकडे बोट दाखवलं. "एक करा. उतरल्यावर दार लगेच लावू नका."

वस्ताद उतरला आणि दार धरून उभा राहिला. गाडी त्याच्या बाजूने जराशी वर उचलली गेली, माणूस उतरल्यावर उचलली जाते तशी. तो तर केव्हाच उतरला होता. बाईने हात लांब करून दार ओढून घेतलं आणि ती निघाली. भिंतीलगतच्या रस्त्यावर गाडी वेग घेत गेली, पन्नास, साठ, त्याहून जास्त. मागचा ब्रेकचा लाल दिवा एकदाही लागला नाही.

पहिले दोन दिवस बरे गेले. बरे म्हणजे इतके, की वस्तादाला हवा तो पाना हाताशी सापडायचा आणि वाकला की कुणीतरी उजेडातून अदबीने बाजूला झाल्यासारखं वाटायचं. दाढीच्या साबणाचा वास ऑइलच्या वासात मिसळून गेला होता, तो फारसा जाणवतही नव्हता. बाईचा निरोप आला होता, की दीर शेजारी बसून फेरी मारून आला, एकही हिसका बसला नाही, तोंड पाडून परतला, गाडी तिच्याकडेच राहिली.

तिसऱ्या दिवशी वस्ताद एका गिअरबॉक्सचा शेवटचा बोल्ट आवळत होता. हजारो वेळा आवळला असेल तसा. मागून खांद्यापाशी कुणीतरी जीभ टाळूला लावून "च्च" केलं. मग लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसा, त्याच्या मुठीतला पाना हळूच काढून घेतला गेला, आणि बोल्ट आणखी पाव फेरा आवळला गेला.